क्वार्टरबॅकबदल की नेतृत्वबदल

अमेरिकन फुटबॉलमध्ये सतत हरणाऱ्या संघाने क्वार्टरबॅक (चढाईत पास फेकणारा मुख्य खेळाडू) बदलावा की त्याच्या डोक्यावरची माणसे, म्हणजे मुख्य प्रशिक्षक आणि खेळाडूंची निवड पाहणारा जनरल मॅनेजर, हा एनएफएल या ३२ संघांच्या व्यावसायिक लीगमधला जुना वाद आहे. १७ सामन्यांचा नियमित हंगाम जानेवारीच्या सुरुवातीला संपला की लगेचच्या सोमवारी प्रशिक्षकांना नारळ देण्याची रीतच पडली आहे. तिकडे त्या दिवसाला ‘काळा सोमवार’ म्हणतात. क्वार्टरबॅकचा निकाल एका दिवसात लागत नाही. त्याला आधी बाकावर बसवतात, मग मार्चमध्ये सोडतात किंवा अदलाबदलीत दुसऱ्या संघाला देतात, आणि एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या निवडीत, त्याचा वारस शोधतात.

वाद मिटत नाही याचे कारण खेळाच्या रचनेत आहे. चाल सुरू होताना सेंटर हा खेळाडू पायांमधून चेंडू मागे देतो आणि तो क्वार्टरबॅकच्या हातात येतो. पुढच्या दोन-तीन सेकंदांत कोणाकडे फेकायचे ते त्याने ठरवायचे असते. मात्र चाल कोणती, हे बहुधा प्रशिक्षक सांगतो. १९९४पासून क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये छोटा स्पीकर असतो. चाल सुरू करायला साधारण ४० सेकंद मिळतात आणि घड्याळात १५ सेकंद उरले की प्रशिक्षकाचा आवाज आपोआप तुटतो. तिथून पुढे खेळाडू एकटा. फसलेल्या पासचा दोष त्या १५ सेकंदांच्या अलीकडचा की पलीकडचा, हे प्रेक्षकांना दिसत नाही आणि अनेकदा मालकालाही कळत नाही. क्वार्टरबॅक म्हणतो अंगण वाकडे. बाहेरचे म्हणतात, याला नाचताच येत नाही. फुटबॉलमध्ये पंचाईत अशी की अंगण कधीकधी खरोखरच वाकडे असते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण जॅरेड गॉफ. २०१६च्या ड्राफ्टमध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले. त्या वर्षी त्याने सुरुवात केलेले सातही सामने संघ हरला. प्रशिक्षक जेफ फिशर यांना डिसेंबरमध्येच काढण्यात आले. रॅम्सचे हंगामातले २२४ गुण लीगमध्ये सर्वांत कमी होते आणि गॉफवर ‘वाया गेलेला’ असा शिक्का बसला. २०१७मध्ये अवघ्या ३० वर्षांचे शॉन मॅकव्हे मुख्य प्रशिक्षक झाले. क्वार्टरबॅक तोच, पण संघाने ४७८ गुण केले, लीगमध्ये सर्वाधिक. मॅकव्हे खेळाडूंना लवकर रांगेत उभे करत, म्हणजे आवाज तुटण्याआधी समोरचा बचाव पाहून गॉफशी बोलता येई. त्याच वर्षी अँड्र्यू व्हिटवर्थसारखा अनुभवी टॅकल (क्वार्टरबॅकचे रक्षण करणारा) आणि कूपर कपसारखे नवे रिसीव्हरही (पास झेलणारे) आले होते. त्यामुळे सगळे श्रेय एकट्या प्रशिक्षकाला देणे भाबडेपणाचे ठरेल. पण नेतृत्व बदलून क्वार्टरबॅक ‘सुधारला’ याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा सापडत नाही.

पुढे वारे फिरले. फेब्रुवारी २०१९च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, न्यू इंग्लंडविरुद्ध रॅम्सला अवघे ३ गुण करता आले. त्याच वर्षी गॉफला चार वर्षांसाठी १३ कोटी ४० लाख डॉलरचा करार मिळाला, पण मॅकव्हेंचा त्याच्यावरचा विश्वास उडत गेला. २०२१च्या सुरुवातीला रॅम्सने गॉफ, ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि तिसऱ्या फेरीची एक निवड डेट्रॉइट लायन्सला देऊन मॅथ्यू स्टॅफर्डला आणले. स्टॅफर्ड डेट्रॉइटमध्ये १२ हंगाम खेळला होता आणि बाद फेरीतला एकही सामना जिंकू शकला नव्हता. रॅम्समध्ये आल्यावर पहिल्याच हंगामात त्याने सिनसिनाटीला २३–२० असे हरवून सुपर बोल जिंकला. म्हणजे इथे प्रशिक्षक तेच राहिले आणि क्वार्टरबॅक बदलल्यावर काम झाले.

वाद इथेच संपला असता, पण डेट्रॉइटने तो पुन्हा उकरला. लायन्सने २०२१मध्ये नवा जनरल मॅनेजर (ब्रॅड होम्स) आणि नवा प्रशिक्षक (डॅन कॅम्पबेल) नेमला, आणि क्वार्टरबॅक म्हणून दुसऱ्याने टाकलेला गॉफ घेतला. पहिल्या वर्षी ३ विजय, १३ पराभव, १ बरोबरी. दुसऱ्या वर्षी सुरुवात १–६. तेव्हा गॉफ किंवा कॅम्पबेल, कोणालाही काढले असते तरी फारसा कोणी हळहळला नसता. मालकांनी हात आवरला. तो हंगाम ९–८ आणि पुढचा १२–५ असा गेला. १४ जानेवारी २०२४ रोजी बाद फेरीत लायन्ससमोर स्टॅफर्डचाच रॅम्स संघ आला. स्टॅफर्ड मैदानात उतरला तेव्हा त्याच्याच जुन्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि गॉफच्या नावाचा घोष सुरू केला. २४–२३ अशी आघाडी असताना शेवटच्या दोन मिनिटांत गॉफने आमोन-रा सेंट ब्राऊनला पास देऊन चेंडू आपल्याकडे राखला. मग गुडघा टेकून वेळ घालवणे एवढेच उरले. जानेवारी १९९२नंतरचा डेट्रॉइटचा हा बाद फेरीतला पहिला विजय होता.

उलट बाजूला क्लीव्हलँड ब्राऊन्स. १९९९मध्ये लीगमध्ये परतल्यापासून या संघाने क्वार्टरबॅक आणि प्रशिक्षक दोन्ही भराभर बदलले. तिथल्या एका जर्सीवर टिम काऊच या पहिल्या नावाखाली पांढऱ्या पट्ट्या चिकटवून पुढच्या प्रत्येक क्वार्टरबॅकचे नाव लिहीत गेले, आणि ती यादी पाठीवरून खाली लांबतच गेली. २०१७मध्ये ब्राऊन्स तेव्हाच्या १६ सामन्यांच्या हंगामात सगळे सामने हरले. प्रशिक्षक ह्यू जॅक्सन तरीही टिकले आणि २०१८च्या ऑक्टोबरात गेले. त्या वर्षी निवडलेला बेकर मेफिल्ड तीन हंगामांत वेगवेगळ्या प्रशिक्षकांच्या हाताखाली खेळला. केव्हिन स्टेफान्स्की आल्यावर २०२०मध्ये संघ ११–५ झाला आणि बाद फेरीत त्याने पिट्सबर्गला हरवले. २०२२मध्ये मेफिल्डला बाजूला सारून पहिल्या फेरीच्या तीन निवडी देऊन आणि २३ कोटी डॉलरच्या पूर्ण हमीच्या करारावर डेशॉन वॉटसनला आणले. बंदी आणि दुखापतींमुळे तीन हंगामांत तो १९ सामने खेळला. मेफिल्डने दरम्यान टॅम्पा बेला बाद फेरी गाठून दिली.

निर्णय बऱ्याचदा पैशांच्या हिशेबावर ठरतो. १९९४पासून खेळाडूंच्या पगारावर संघनिहाय कमाल मर्यादा आहे. प्रशिक्षकाचा पगार तीत धरत नाहीत. त्यामुळे प्रशिक्षक काढला तर मालकाच्या खिशालाच चाट बसते, पण महागडा क्वार्टरबॅक सोडला तर त्याचे उरलेले पैसे मर्यादेत मोजले जाऊन बाकीचा संघ उपाशी राहतो. डेन्व्हर ब्रॉन्कोसने २०२२मध्ये रसेल विल्सनला आणले. आधी प्रशिक्षक नॅथॅनियल हॅकेट यांना १५ सामन्यांनंतर घालवले, आणि मार्च २०२४मध्ये विल्सनलाही. तो नसताना त्याच्यापोटी सुमारे साडेआठ कोटी डॉलर हिशेबात राहिले. याउलट २०११च्या वेतन करारानंतर ड्राफ्टमधले नवखे खेळाडू बरेच स्वस्त झाले. २०१०मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर मिळाले होते, तर पुढच्याच वर्षी कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २ कोटी २० लाख. त्यामुळे नवा जनरल मॅनेजर ‘माझा’ नवखा क्वार्टरबॅक मागतो. त्यात खेळाची गरज किती आणि स्वतःच्या खुर्चीसाठी दोन-तीन वर्षांची मुदत मिळवणे किती, हे सांगणे कठीण.

या सगळ्यात मालक हा एक घटक कधीच बदलत नाही, निदान हरल्यामुळे तरी नाही. ग्रीन बे पॅकर्स हा भागधारक नागरिकांच्या मालकीचा संघ सोडला तर मालकाला जाब विचारणारे कोणी नसते. पिट्सबर्गच्या रूनी कुटुंबाने १९६९पासून पुढची पन्नास वर्षे तीनच मुख्य प्रशिक्षकांवर काढली. त्यांच्यातल्या पहिल्याने, चक नोल यांनी, पहिल्या हंगामात १४पैकी एकच सामना जिंकला होता.