गोल्फ मैदानांवरील जुनी थडगी व दफनभूमी

गोल्फचे मैदान आखले जाण्याआधीपासून त्या जमिनीत असलेली आणि आज मैदानाच्या हद्दीत येणारी थडगी, कबरी, दफनटेकाडे आणि वस्त्यांच्या किंवा घराण्यांच्या दफनभूमी. यांतली काही सहज दिसतात: घुमटाची कबर, चर्चभोवतालचे दफनाचे आवार, गवताने झाकलेला गोल उंचवटा. पुष्कळशी दिसत नाहीत. वरचे दगड उचलून नेले गेले, लाकडी खुणा कुजल्या, किंवा पुरणाऱ्यांपाशी खूण उभारण्याइतके पैसेच नव्हते. पुढे त्यावर हिरवळ लावली गेली. कोणते थडगे राखले गेले आणि कोणते गवताखाली गेले, हे बहुतेक ठिकाणी मृताच्या मागे कोण उरले होते आणि त्यांच्या शब्दाला किती वजन होते यावर ठरलेले दिसते.

अठरा होलच्या, म्हणजे चेंडू घालायच्या अठरा खळग्यांच्या, मैदानाला साधारण ५० ते ८० हेक्टर जमीन लागते. एवढी सलग जागा मिळते ती समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर, गावाच्या सामाईक कुरणात, जुन्या जमीनदारीत किंवा शहराबाहेरच्या माळावर. माणसांनी आपले मृत पुरायला निवडलेल्या जागाही नेमक्या याच असतात: उंचावरच्या, पाण्याचा निचरा होणाऱ्या आणि शेतीला फारशा उपयोगी नसलेल्या. त्यामुळे गोल्फ आणि दफनभूमी एकाच जमिनीवर येणे हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. मैदान करणाऱ्यांच्या कागदांवर ही जमीन ‘मोकळी’ असे. ती मोकळी का राहिली होती याची चौकशी क्वचितच होई.

याला दुसरी बाजूही आहे. इमारतीचा पाया खोल जातो, नांगर दर वर्षी माती उलथतो. गोल्फच्या मैदानात मात्र फेअरवेखालची, म्हणजे चेंडू मारत नेण्याच्या आखूड गवताच्या पट्ट्याखालची, जमीन फार खोदली जात नाही. खरे नुकसान होते ते बंकर (अडथळा म्हणून केलेले वाळूचे खड्डे), तळी, ग्रीनची (होलभोवतालच्या गुळगुळीत हिरवळीची) भरणी आणि पाण्याच्या नळांचे चर यांमुळे. उरलेल्या जागेत हिरवळीच्या आवरणाखाली थडगी दशकानुदशके तशीच राहतात. ज्या खेळाने त्यांची आठवण पुसली, त्याच्याच गवताने अनेकदा त्यांना नांगरापासून आणि घरबांधणीपासून वाचवले.

टेकाडे आणि चर्चची आवारे. इंग्लंडमधील माळरानांवर कांस्ययुगातील गोल दफनटेकाडे विखुरलेली आहेत आणि त्यांतली बरीच आज गोल्फच्या हद्दीत येतात. हॅम्पशरमधील पीटर्सफील्ड हीथवर अशी वीसहून अधिक टेकाडे असून त्यांच्यामधून अनेक वर्षे गोल्फ खेळला जाई.

सर्वांत बोलका शोध लिंकनशरमधील टेटनी येथील आहे. २०१८च्या उन्हाळ्यात तेथील गोल्फ मैदानावरच्या तळ्याचे काम चालू असताना यंत्राच्या फाळाला लाकूड लागले. ती एका अखंड ओकच्या खोडातून कोरलेली, सुमारे तीन मीटर लांबीची शवपेटी होती. वय जवळजवळ ४,००० वर्षे. आत एका पुरुषाचे अवशेष होते. त्याच्याखाली पालापाचोळ्याची गादी अंथरलेली होती आणि सोबत एक कुऱ्हाड ठेवली होती. दगडी पाते तर टिकलेच, पण त्याचा लाकडी दांडाही शाबूत होता. एवढ्या जुन्या कुऱ्हाडीचा दांडा हाती लागणे ही फारच दुर्मीळ गोष्ट. पेटीवर त्या काळी खडीचा उंचवटा रचला होता, म्हणजे हा माणूस त्याच्या समाजात मानाचा असावा. ओल्या, हवाबंद मातीने लाकूड टिकवले होते. उघड्यावर येताच ते वाळून फुटू लागले असते. म्हणून पेटी आधी शीतगृहात आणि मग यॉर्कच्या प्रयोगशाळेत न्यावी लागली. तळ्याचे काम चालू असताना खोदणारा थांबला, म्हणून हे सारे हाती आले.

कॉर्नवॉलमधील सेंट एनोडॉकचे चर्च तर गोल्फ मैदानाच्या ऐन मध्यावर आहे. एके काळी ते वाऱ्याने उडालेल्या वाळूत इतके गाडले गेले होते की चर्चचे हक्क टिकवण्यासाठी धर्मगुरूला वर्षातून एकदा छपरातून आत उतरून प्रार्थना घ्यावी लागे. १८६४च्या सुमारास ते वाळूतून मोकळे करण्यात आले. त्याच्या आवारातील दफने अजूनही होत राहिली आहेत. कवी जॉन बेट्जमन यांना १९८४ साली तिथेच पुरले. फेअरवे ओलांडून थडग्यापाशी जाणारी माणसे आणि त्यांच्यासाठी थांबणारे खेळाडू हे तिथले नेहमीचे दृश्य आहे.

आशियातील उदाहरणे. दिल्ली गोल्फ क्लबच्या परिसरात लोदी आणि मोगल काळातल्या कबरी आहेत. हजरत निजामुद्दीन यांच्या दर्ग्याच्या सान्निध्यात दफन व्हावे अशी इच्छा शतकानुशतके असल्याने हा सारा भागच कबरींनी भरलेला होता. १९३०च्या दशकात त्याच जमिनीत मैदान आले. येथील लाल दगडाच्या ‘लाल बंगला’ या वास्तूत मोगल बादशहा दुसरा शाह आलम याची आई लाल कुंवर हिची कबर असल्याचे मानले जाते. सय्यद आबिद यांची कबरही याच आवारात आहे. घुमट असलेली कबर कोणी दिसत नाही म्हणून दडपू शकत नाही, आणि त्यामुळे इथे मैदानालाच कबरींना वळसा घालून जावे लागले.

हाँगकाँगमधील फॅनलिंगचे मैदान १९११ साली सुरू झाले. त्याच्या हद्दीत आजूबाजूच्या गावांतील जुन्या घराण्यांच्या पूर्वजांची थडगी आहेत. काही मिंग आणि चिंग राजवटींच्या काळातली. दक्षिण चीनमध्ये दफनानंतर काही वर्षांनी हाडे वर काढून, स्वच्छ करून मातीच्या रांजणात ठेवण्याची आणि तो रांजण उतारावर शुभ दिशेला मांडण्याची रीत आहे. असे रांजणही मैदानाच्या कडेने आढळतात. वसंतातील छिंगमिंग आणि शरदातील छुंगयांग या सणांना कुटुंबे धूप आणि नैवेद्य घेऊन इथे येतात. घरांच्या टंचाईमुळे सरकारने १ सप्टेंबर २०२३ रोजी या मैदानातील ३२ हेक्टर जमीन परत ताब्यात घेतली, तेव्हा त्या जमिनीतील झाडांबरोबर या थडग्यांचाही प्रश्न चर्चेत आला.

सॅन फ्रान्सिस्को. लिंकन पार्कचे मैदान म्हणजे शहराची जुनी सिटी सिमेटरी. १८७०च्या सुमारास इथे दफने सुरू झाली आणि शतक संपेपर्यंत सुमारे २९,००० जणांना पुरले गेले. निराधार, नाविक, वेगवेगळ्या देशांतून आलेले स्थलांतरित आणि मोठ्या संख्येने चिनी मजूर. शहराने आपल्या हद्दीत दफनबंदी केली, जमीन उद्यान खात्याकडे गेली आणि थडगी हलवण्याचे ठरले. हलले ते बहुतांशी वरचे दगड. प्रेते जागच्या जागीच राहिली. याच जमिनीवरच्या लीजन ऑफ ऑनर या कलासंग्रहालयाच्या बांधकामात १९२०च्या दशकात सांगाडे निघाले, आणि १९९०च्या दशकात त्याच इमारतीचे भूकंपरोधक काम चालू असताना पुन्हा सातशेहून अधिक दफने सापडली.

फेअरवेच्या कडेला आजही एक दगडी कमान उभी आहे. कॉंग चाउ या चिनी संस्थेची ती वास्तू. दफनाआधीचे विधी तिथे होत. कमानीवर चिनी अक्षरे कोरलेली आहेत, आणि तिच्या बाजूने खेळाडू सामान ओढत पुढच्या होलकडे जातात. खुणेवाचून राहिलेल्या हजारोंच्या वतीने जणू ती एकटीच तिथे उभी आहे. नाविकांसाठी उभारलेला एक स्मृतिस्तंभही शिल्लक आहे. २०२२ साली शहराने या दफनभूमीला वारसास्थळाचा दर्जा दिला.

गुलामांच्या दफनभूमी. अमेरिकेच्या दक्षिणेत मळेवाल्यांची कुटुंबे कोरीव संगमरवराखाली झोपली आणि त्यांच्या मळ्यांत राबलेली माणसे शेताच्या कडेला, नांगर न चालणाऱ्या तुकड्यात. त्यांच्या डोक्याशी एखादा ओबडधोबड दगड, एखादे झाड किंवा सदाफुलीच्या जातीतली पसरणारी वेल एवढीच खूण असे. मळा विकला गेला की ही खूण ओळखणारे कोणी उरत नसे.

फ्लॉरिडाची राजधानी टॅलाहासी येथे २०१९ साली राष्ट्रीय उद्यान सेवेच्या पुरातत्त्वज्ञांनी कॅपिटल सिटी कंट्री क्लबच्या मैदानावर, सातव्या होलजवळ, सुमारे ४० थडगी असल्याचे दाखवून दिले. ही जमीन एके काळी एका मळ्याचा भाग होती. झाडांमधल्या त्या हिरवळीत काही उथळ खळगे होते, एवढेच काय ते दिसत असे. जमीन शहराच्या मालकीची होती. १९५६ साली वर्णभेद मोडण्याची वेळ आली तेव्हा सार्वजनिक मैदान खासगी क्लबला वर्षाला एक डॉलर भाड्याने देण्यात आले. ज्यांचे पूर्वज त्या हिरवळीखाली होते त्यांनाच मैदानाच्या फाटकाबाहेर ठेवण्यासाठी केलेली ही तजवीज होती, आणि या जागेचा इतिहास सांगताना ती गाळणे अन्यायाचे ठरेल.

साउथ कॅरोलायनातील हिल्टन हेड बेटावर हार्बर टाउन या प्रसिद्ध मैदानाच्या अठराव्या होलजवळ ब्रॅडॉक पॉइंट दफनभूमी आहे. ती गला समाजाची, म्हणजे समुद्रकाठच्या बेटांवर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांच्या वंशजांची. वसाहत फाटकबंद असल्याने नातेवाइकांना आपल्याच थडग्यांपाशी जायला पहारा ओलांडावा लागतो.

शोध कसा लागतो. पहिली खूण बहुधा जमीनच देते. शवपेटी कुजून आत बसली की वरची माती खचते आणि माणसाच्या लांबीचा पसरट खळगा तयार होतो. सकाळच्या तिरप्या उन्हात असे खळगे ओळीने दिसतात. ख्रिस्ती दफने बहुधा पूर्व-पश्चिम असल्याने ओळींची दिशाही सांगून जाते. एकदा खोदलेल्या मातीवरचे गवत उन्हाळ्यात भोवतालच्या गवतापेक्षा अधिक हिरवे राहते. त्यानंतर जमिनीत विद्युतचुंबकीय लहरी सोडणारे रडार हिरवळीवरून ढकलत नेतात. यंत्राला हाडे दिसत नाहीत. एकदा उकरून पुन्हा भरलेली माती आणि न उकरलेली माती यांतला फरक दिसतो. मानवी अवशेषांचा वास ओळखायला शिकवलेले कुत्रेही वापरतात. टॅलाहासीत ते वापरले होते. मैदानाची सपाट, आखूड गवताची जमीन रडारला फार सोयीची असते. मात्र नळ आणि निचऱ्याचे चरही रडारवर उमटतात, आणि ते थडग्यांपासून वेगळे ओळखायला अनुभव लागतो. या सगळ्याहून आधी कामाला येते ती आठवण: इथे आमचे लोक पुरले आहेत, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेल्या शेजारच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांचे बोलणे. अनेक ठिकाणी यंत्रांनी शेवटी त्यांचेच म्हणणे खरे ठरवले.

संघर्ष. न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील रॅग्लन येथे तैनुई आव्हिरो या माओरी (तिथल्या मूळ रहिवाशांच्या) समूहाची ते कोपुआ ही जमीन दुसऱ्या महायुद्धात विमानतळासाठी घेतली गेली. युद्ध संपले, जमीन मात्र परत मिळाली नाही. १९६९ साली ती गोल्फ क्लबकडे गेली आणि दफनभूमीच्या जागी वाळूचा बंकर झाला. पूर्वजांच्या अस्थींवर वाळूचा खेळ चाललेला पाहत राहणे शक्य नव्हते. एव्हा रिकर्ड यांच्या नेतृत्वाखाली फेब्रुवारी १९७८ मध्ये लोक मैदानात जाऊन बसले, त्यांना अटक झाली आणि त्या अटकेची छायाचित्रे देशभर गेली. १९८०च्या दशकात जमीन परत मिळाली. माओरी भूमिहक्कांच्या इतिहासात हा टप्पा महत्त्वाचा मानतात.

कॅनडातील ओका येथे प्रकरण याहून पुढे गेले. क्वेबेक प्रांतातील या गावाच्या नगराध्यक्षांनी १९८९ साली नऊ होलचे मैदान अठरा होलचे करण्याची आणि शेजारी घरे बांधण्याची योजना जाहीर केली. त्यासाठी ‘द पाइन्स’ नावाचे पाइनचे बन तोडले जाणार होते. कानेसाटाके येथील मोहॉक या मूलनिवासी लोकांची दफनभूमी त्या बनाला लागून होती आणि या जमिनीवरचा त्यांचा दावा अठराव्या शतकापासूनचा. मार्च १९९० मध्ये त्यांनी बनातल्या कच्च्या रस्त्यावर अडथळा उभारला. ११ जुलैच्या पहाटे पोलिसांनी तो मोडण्याचा प्रयत्न केला. गोळीबारात मार्सेल लमे हे पोलीस अधिकारी मरण पावले. काहनावाके येथील मोहॉकांनी पाठिंब्यासाठी माँट्रिऑलकडे जाणारा मर्सिए पूल अडवला, सैन्य आले आणि ७८ दिवसांनी, २६ सप्टेंबरला वेढा संपला. मैदानाचा विस्तार रद्द झाला आणि केंद्र सरकारने ती जमीन विकत घेतली. १९९१ साली नेमलेल्या मूलनिवासी लोकांविषयीच्या शाही आयोगामागे हे प्रकरण एक मोठे कारण होते. जमिनीच्या मालकीचा मूळ प्रश्न मात्र अजून पूर्ण सुटलेला नाही. नऊ होल आणि काही घरे यांच्यासाठी एक जीव गेला.

कायदे आणि मैदानावरचे नियम. इंग्लंडमध्ये मानवी अवशेष हलवण्यास १८५७च्या कायद्यानुसार परवाना लागतो आणि महत्त्वाची टेकाडे १९७९च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली संरक्षित आहेत. दक्षिण कोरियात दुसऱ्याच्या जमिनीवर वीस वर्षे निर्वेध राहिलेल्या जुन्या थडग्याला रूढीने हक्क मिळतो, त्यामुळे जमीन विकत घेणाऱ्यालाही ते मनमानीने हलवता येत नाही. अमेरिकेत आफ्रिकन-अमेरिकन दफनभूमींच्या शोधासाठी आणि जतनासाठी डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय कायदा झाला. आता सहसा अवशेष उकरण्यापेक्षा जागच्या जागी राखण्याकडे कल असतो: हद्दीला कुंपण, एक फलक, आणि फेअरवे थोडा बाजूला.

खेळाच्या नियमांतही यासाठी सोय आहे. २०१९पासूनच्या नियमांनुसार मैदान चालवणारी समिती एखादा भाग ‘नो प्ले झोन’ ठरवू शकते. चेंडू तिथे गेला तर तो त्या जागेवरून मारता येत नाही. चेंडू बाहेर असला, पण तो मारताना पाय किंवा काठी आत जाणार असेल, तरीही नाही. खेळाडूने नेमून दिलेल्या जागी चेंडू टाकून पुढचा फटका मारायचा.