झाडाची जखम भरून येत नाही

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन तालुक्यात दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आदळलं आणि रायगड-रत्नागिरीतल्या वाड्या आडव्या झाल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. पडलेली झाडं पंचनाम्यात मोजली गेली. परसात उभी राहिलेली, पण फांदी चिरत खाली गेलेली, साल सोललेली आंब्याची झाडं मात्र घरगुती उपचारांच्या हवाली झाली. दर वळवाच्या पावसानंतर आजही तेच होतं. पोकळीत सिमेंट भरतात, जखमेवर डांबर फासतात, झाड लवकर सावरावं म्हणून बुंध्याशी युरिया टाकतात. सगळं मायेपोटीच, पण तिन्हींनी झाडाचं नुकसान होतं. आपल्या गुडघ्याची जखम जशी भरते, तशीच झाडाचीही भरत असेल, हा समज त्यामागे आहे.

आपल्या शरीरात मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी येतात. झाडाच्या खोडात तसं होत नाही. एकदा तयार झालेलं लाकूड पुन्हा तयार होत नाही, त्यामुळे जखमी झालेला भाग आयुष्यभर आत तसाच राहतो. झाड त्याच्याभोवती कुंपण घालतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवत पुढे जातं. अमेरिकेच्या वन खात्यातले अॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं यांत्रिक करवतीने उभी चिरून ही गोष्ट दाखवून दिली आणि १९७७ मध्ये चार भिंतींचं चित्र मांडलं. झाडांच्या शास्त्रातली इतकी सुंदर कल्पना दुसरी क्वचितच सापडेल.

शाळेत शिकलेल्या, झाडात पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या आठवा. जखम झाली की तिच्या वरच्या-खालच्या जलवाहिन्यांत डिंकासारखे पदार्थ साठतात किंवा शेजारच्या पेशींचे फुगे शिरून त्या बुजतात. ही पहिली भिंत. ती सर्वांत कच्ची, म्हणून कूज खोडात उभी लांबवर पसरते. दुसरी भिंत वाढीच्या वलयांची, ती कुजीला गाभ्याकडे जाऊ देत नाही. उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच झाडांत ही वलयं पुसट असतात. तिसरी भिंत केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या किरणपेशींची, ती आडवा प्रसार रोखते. याच पेशींत झाडाचं स्टार्च साठवलेलं असतं आणि बुरशीला मारक रसायनं त्याच शिध्यावर बनतात. चौथी भिंत मात्र जखमेच्या वेळी अस्तित्वातच नसते. साल आणि लाकूड यांच्यामधला विभाजी, म्हणजे नव्या पेशी बनवणाऱ्या, ऊतींचा पातळ थर जखमेनंतर ती नव्याने बांधतो. जखमेच्या दिवशी असलेलं लाकूड आत आणि त्यानंतरचं बाहेर, अशी ही सीमा चारही भिंतींत सर्वांत भक्कम असते. आतून पोकळ झालेला जुना आंबा दरवर्षी मोहरतो तो तिच्याच जोरावर.

आता सिमेंटचं काय होतं ते पाहा. भरण्याआधी पोकळी ‘निरोगी लाकूड लागेपर्यंत’ खरवडतात, म्हणजे नेमकी चौथी भिंत फोडतात. वाऱ्यात खोड वाकतं, सिमेंट वाकत नाही, त्यामुळे आतल्या आत घासून नव्या जखमा होतात. साचलेलं पाणी काढायला भोक पाडून नळी बसवली तरी भिंत फुटतेच. पोकळीतला सुटा भुगा हाताने काढावा, त्यापुढे जाऊ नये.

फांदी तोडतानाही हेच भान ठेवायचं. फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर कड असते. ती खोडाची असते आणि फांदी गेल्यावर कुंपण घालण्याचं काम तीच करते. म्हणून खोडाला सपाट घासून कापू नये आणि खुंटही ठेवू नये. खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून एक तृतीयांश जाडीपर्यंत कापा. मग त्याच्या दोन-तीन सेंटीमीटर पुढे वरून कापा. फांदी स्वतःच्या वजनाने सुटते आणि साल खोडापर्यंत सोलत जात नाही. उरलेला खुंट फुगीर कडेच्या लगेच बाहेर काढा. एका वर्षात पाव हिश्शापेक्षा जास्त हिरवा पसारा काढू नका, कारण शिधा पानंच बनवतात. आंब्याचा चीक कातडी भाजतो, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. शहरात मोठी फांदी तोडण्याआधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते.

सोललेली साल अजून ओली असेल तर त्याच दिवशी जागेवर दाबून बारीक खिळ्यांनी बसवा, वर ओलं गोणपाट आणि पांढरं प्लास्टिक बांधा आणि दोन आठवड्यांनी सोडा. वाळलेली असेल तर लोंबणारा भाग धारदार सुरीने निरोगी सालीपर्यंत नीट कापून काढा.

मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना यांच्या बोर्डो मलमाने झाड ‘बरं’ होत नाही. कोकणातल्या पावसात वरवरच्या बुरशीला ते काही आठवडे अडवतं, एवढ्यासाठीच लावायचं. १०० ग्रॅम मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत अर्धा लिटर पाण्यात विरघळवा. १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये विरवून गाळा. दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओता. लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं आहे आणि ते जिवंत ऊती जाळेल, म्हणून आणखी चुना घाला. मलम त्याच दिवशी वापरा.

खरा शत्रू भिरूड. या लांब मिशांच्या भुंग्याची मादी सालीच्या फटीत, जखमेच्या कडेला अंडी घालते आणि अळी खोड पोखरत जाते. बुंध्याशी लाकडाचा भुसा दिसला की भोकात तार घालून अळी ओढून काढा, पेट्रोलमध्ये भिजवलेला कापूस सारून ओल्या मातीने तोंड बंद करा. पोखरलेल्या खोडातून कधी डिंक, कधी आंबूस पाणी झरतं. कडुनिंबातून पांढरा गोडसर रस वाहू लागला की लोक हळदकुंकू घेऊन रांगा लावतात. पण झाडातून रस झरणं हे बहुधा आतल्या इजेचं किंवा जंतूंच्या आंबण्याचं लक्षण असतं. त्याला उपचार लागतो, नवस लागत नाही.

मुळांसाठी करायचं ते थोडकं आहे. पानांच्या छायेच्या कडेपर्यंत तीन-चार इंच पालापाचोळा पसरा, पण बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर ओलीने साल कुजते. बुंध्याला लावलेले पेव्हर ब्लॉक काढा. पहिल्या वर्षी युरिया देऊ नका. तो कोवळी पालवी फोडायला लावतो आणि जो शिधा कुंपणाला हवा, तो पानांवर खर्च होतो. पावसाळा संपल्यावर आठवड्यातून एकदा छायेच्या कडेने सावकाश, खोल मुरेल असं पाणी द्या.

यातलं बरंचसं नारळ-पोफळीला लागू नाही. त्यांच्या खोडात विभाजी ऊतींचा तो थरच नसतो, त्यामुळे नवं लाकूड कडेने येत नाही. चढायला कोयत्याने पाडलेल्या खाचा माडावर आयुष्यभर दिसतात त्या यामुळेच. माडाचा शेंडा शाबूत असेल तर माड जगेल. शेंडा मोडला तर इलाज नाही.

आंब्याच्या जखमेकडे एका पावसाळ्यानंतर बघा. कडेने जाड, गोलसर ओठ वळत आत येताना दिसला पाहिजे. एका बाजूचा ओठ वाढलाच नसेल तर सालीपेक्षा त्या बाजूची मुळं आधी तपासा. वादळात ती तुटलेली असण्याचा संभव मोठा.