पार्श्वभूमी : धातूंची ऑक्साइडं आणि आयनांचा मारा

खानदेशात भौतिकशास्त्राच्या पीएच.डी.चा विषय विचारला, तर झिंक ऑक्साइड, टिन ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड यांपैकी एखादं नाव हमखास कानावर येतं. या पदार्थांचे थर बनवायला फार महागडं यंत्र लागत नाही. तापलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारायचा, नाहीतर पेस्ट जाळीतून छापून भट्टीत भाजायची. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात अशाच छापील थरांतून वायू ओळखणाऱ्या सेन्सरांचं काम उभं राहिलं. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आलं (२०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे). तोवर पुणे विद्यापीठ हाच आधार होता.

सेन्सरचं सगळं मर्म पृष्ठभागात असतं. तापलेल्या टिन ऑक्साइडवर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि इलेक्ट्रॉन अडवून धरतो. एलपीजी आला की तो ऑक्सिजन खर्ची पडतो, इलेक्ट्रॉन सुटतात आणि थराचा विद्युत रोध घसरतो. या देवघेवीत ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांचा, म्हणजे स्फटिकात ऑक्सिजनचा अणू हवा तिथे तो नसण्याचा, मोठा वाटा असतो. आणि अशा जागा पाडण्याचा एक खात्रीचा मार्ग म्हणजे आयनांचा मारा, म्हणजे विद्युतभारित अणू वेगानं पृष्ठभागावर आदळवणं.

त्याची गोष्ट बरीच जुनी. वायूतून वीज वाहताना (विद्युत-विसर्गात) आतला धातू झिजतो, हे विल्यम ग्रोव्ह यांनी १८५२ मध्येच नोंदवलं होतं. पुढे योहान्स स्टार्क यांनी ही झीज आयन आणि अणूंच्या टकरींतून होते असं मांडलं. त्या टकरींच्या मालिकेचं नेटकं गणित मात्र १९६९ मध्ये पीटर सिगमुंड यांच्याकडून आलं.

शुद्ध धातूला ते बरंच लागू पडलं. ऑक्साइडांनी घोळ घातला. आर्गॉनच्या माऱ्यात ऑक्सिजन धातूपेक्षा जास्त उडतो, पण सगळीकडे सारखा नाही. टायटॅनियम डायऑक्साइडचा वरचा थर टायटॅनियम सेस्क्विऑक्साइडकडे (कमी ऑक्सिजनच्या ऑक्साइडकडे) झुकतो, कॉपर ऑक्साइड तांब्याकडे. मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मात्र बरीच तग धरतात. म्हणजे फक्त अणूच्या वजनाचा हिशोब पुरत नाही, बंधांची ताकदही मोजावी लागते. १९७० च्या दशकात रॉजर केली आणि सहकाऱ्यांनी यावर चिकाटीनं काम केलं. माझ्या मते या विषयाचा खरा पाया तिथेच आहे.

आपल्याकडच्या थरांवर जड आयनांचा मारा करायचा तर बहुतेकदा दिल्लीचं इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटर गाठावं लागतं. तिथल्या पेलेट्रॉन या आयनांना वेग देणाऱ्या यंत्रातून निघालेला १०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा चांदीचा आयन पातळ थरातून आरपार जातो, आणि वाटेत त्याची ऊर्जा मुख्यतः इलेक्ट्रॉनांना मिळते. काही हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचा आर्गॉन मात्र वरच्या काही नॅनोमीटरांतच अणूंना धक्के देत थांबतो. दोन्हींना आपण ‘मारा’च म्हणतो, पण परिणाम अगदी वेगळे.

यात एक फसगत नेहमीची. एक्स-रे फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रममध्ये (एक्स-रे टाकून पृष्ठभागातून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांच्या मोजणीत) टायटॅनियमची कमी झालेली संयुजा, म्हणजे ऑक्सिजन गमावल्याची खूण, दिसली की लगेच रिकाम्या जागांचं श्रेय फवाऱ्याला किंवा भट्टीला दिलं जातं. पण मोजणीआधी नमुना आर्गॉननं साफ केला असेल, तर त्या जागा त्या सफाईनंच पाडलेल्या असू शकतात.