काय खाता की किती खाता: वजन कशाने उतरतं?

गेल्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी करताना मी प्रत्येक जिन्नस काट्यावर तोलला. एका ताटलीसाठी 60 ग्रॅम साबुदाणा, 25 ग्रॅम दाण्याचं कूट, मोठा चमचाभर तूप आणि अर्धा बटाटा. हिशेब साधारण 520 कॅलरींवर गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन ज्वारीच्या भाकरी, मटकीची उसळ, थोड्या तेलातली मेथी आणि कांदा. तेही 500च्या आसपासच. पण खिचडी खाऊन चार वाजता मी बटाट्याच्या चिवड्याचा डबा उघडला, आणि भाकरी-उसळीवर रात्रीपर्यंत भूक आठवली नाही. खिचडीत प्रथिनं जेमतेम 6-7 ग्रॅम, तीही बहुतेक दाण्यांची. भाकरीच्या ताटात 17च्या घरात, शिवाय भरपूर चोथा.

आता अंगाचं वजन दाखवणाऱ्या काट्याचं म्हणाल, तर त्याला फक्त ‘किती’ कळतं. अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठातले पोषणशास्त्राचे प्राध्यापक मार्क हॉब यांनी 2010 मध्ये मुख्यतः क्रीमचे केक, बिस्किटं, चिप्स खाल्ले, पण दिवसाला 1800 कॅलरींच्या आसपास राहून. 10 आठवड्यांत त्यांचं वजन सुमारे 12 किलोंनी उतरलं. उलट ‘पौष्टिक’ म्हणून हात सैल सोडला की वजन वाढतं. घाण्याचं तेल असो की रिफाइंड, ग्रॅमला 9 कॅलरी. खजूर-सुक्यामेव्याच्या लाडवालाही यातून सूट नाही.

मग निवडीला काय अर्थ उरला? माझ्या मते खूप. संशोधक केविन हॉल यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत 20 जणांना दोन आठवडे पाकीटबंद, कारखान्यात प्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं, ताजं. समोर ठेवलेल्या ताटांत कॅलरी, साखर, मेद, चोथा सारखाच. हवं तेवढं खा, एवढीच सूचना. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पाकीटबंद अन्नावर माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली आणि त्यांचं वजन जवळपास एक किलोने वाढलं. ताज्या जेवणावर तेवढंच उतरलं. कॅलरी मोजायला कुणी सांगितलंच नव्हतं! म्हणजे ‘किती’ हे आपण ठरवतो असं वाटतं खरं, पण ते बरंचसं ‘काय’ने आधीच ठरवलेलं असतं.

म्हणून ज्यांचं बिस्किट, फरसाण, बाहेरचं खाणं जास्त आहे त्यांना मी आधी निवड बदला म्हणेन, मोजमाप नंतर. घरचंच, साधंच जेवूनही ज्यांचं वजन हलत नाही, त्यांनी मात्र ‘किती’कडे वळावं, आणि सुरुवात फोडणीपासून करावी. बरणीतून थेट कढईत तेल ओतू नका, चमच्याने घाला. आठवडाभर हे करून पाहिलं की घरात तेल किती जातं ते कळतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर जेवण एकदम कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला, साखर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते.