डिक्सची दुकाने कुठे आणि का: अमेरिकेतील एका क्रीडासाहित्य साखळीच्या प्रादेशिक पसाऱ्याची पार्श्वभूमी

अमेरिकेतील सर्वांत मोठी क्रीडासाहित्य विक्रेती कंपनी डिक्स स्पोर्टिंग गुड्स दरवर्षी भांडवली बाजाराच्या नियामकाकडे अहवाल सादर करते आणि त्यात कोणत्या राज्यात आपली किती दुकाने आहेत याचा एक तक्ता देते. २०२० च्या सुरुवातीला या साखळीची सव्वासातशेच्या आसपास दुकाने ४७ राज्यांत होती, म्हणजे वरवर पाहता ती देशभर पसरलेली होती. मात्र तक्त्यातील आकडे लोकसंख्येशेजारी ठेवून पाहिले की हा पसारा समान नसल्याचे लक्षात येते. पेनसिल्व्हेनिया आणि ओहायो या मध्यम आकाराच्या राज्यांत जितकी दुकाने, साधारण तितकीच टेक्सासमध्ये; प्रत्यक्षात टेक्सासची लोकसंख्या या दोहोंपैकी कोणत्याही राज्याच्या दुपटीहून अधिक आहे. टेक्सासमधील मुले कमी खेळतात असे कोणीही म्हणणार नाही, कारण शालेय फुटबॉलचे वेड तिथे आहे तितके क्वचितच अन्यत्र असेल. या विषमतेचे कारण खेळांपेक्षा गोदामे, कर्जे आणि प्रतिस्पर्ध्यांची दिवाळखोरी यांत अधिक सापडते, आणि त्यासाठी १९४८ पर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन या गावात रिचर्ड (‘डिक’) स्टॅक नावाचा अठरा वर्षांचा मुलगा लष्करातून बाहेर पडलेला शिल्लक माल विकणाऱ्या दुकानात नोकरी करत होता. तो मासेमारीचा शौकीन असल्याने दुकानात मासेमारीचे साहित्य ठेवायचे झाल्यास काय काय लागेल याची यादी मालकाने त्याच्याकडून मागवली आणि नंतर ती नाकारली. स्टॅकने नोकरी सोडली, आजीने साठवलेले ३०० डॉलर घेतले आणि गळ, दोर, आमिषे विकणारे स्वतःचे दुकान थाटले. ही हकीकत कंपनी आजही अभिमानाने सांगते. तिच्यातला गोडवा बाजूला ठेवला तरी दोन गोष्टी उरतात आणि त्या पुढच्या इतिहासासाठी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे हे दुकान एका विशिष्ट प्रदेशाच्या गरजेतून निघाले: सस्क्वेहॅना आणि शेनँगो या नद्यांचा संगम बिंगहॅम्टनमध्येच होतो, सभोवती जंगल आहे आणि हिवाळा कडक असतो. दुसरी म्हणजे युद्धोत्तर लष्करी मालाशी असलेला संबंध, आणि या बाबतीत डिक्स एकटे नव्हते.

टेक्सासमधील अकॅडमी ही साखळी १९३८ मध्ये सॅन अँटोनिओ येथे टायरचे दुकान म्हणून सुरू झाली आणि पुढे लष्करी शिल्लक मालाकडे वळली. कॅलिफोर्नियात १९५५ मध्ये सुरू झालेल्या बिग फाइव्हच्या पहिल्या पाच दुकानांत दुसऱ्या महायुद्धातील उरलेले तंबू आणि झोपण्याच्या पिशव्या विकल्या जात. एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर असलेले हे तिन्ही व्यवसाय एकाच प्रकारच्या मालाच्या आधाराने उभे राहिले, हा योगायोग मानता येत नाही. युद्ध संपल्यावर सरकारने कवडीमोलाने बाहेर काढलेल्या तंबू, बूट, पाण्याच्या बाटल्या आणि जाड कोटांनी रानात भटकण्याची हौस सामान्य कामगाराच्या आवाक्यात आणली. तो माल संपला तेव्हा हौस मात्र टिकून राहिली, आणि तिला लागणारे सामान प्रत्येक प्रदेशात तिथल्याच दुकानदाराने पुरवले.

म्हणूनच अमेरिकेत क्रीडासाहित्याचा व्यापार दीर्घकाळ प्रादेशिकच राहिला. न्यूयॉर्क शहर आणि आसपासचा पूर्व किनारा १८८९ पासून चालत आलेल्या मॉडेल्स या साखळीचा होता, डेन्व्हर आणि रॉकी पर्वतांचा भाग १९२८ पासून गार्ट ब्रदर्सचा. दक्षिणेत अलाबामातून १९४५ मध्ये निघालेल्या हिबेटने लहान गावे धरली आणि जेमतेम पाच-सहा हजार चौरस फुटांची दुकाने काढली. उत्तरेकडील मैदानी राज्यांत शील्सचे बस्तान होते. १९०२ मध्ये मिनेसोटातील सॅबिन या छोट्या गावात हार्डवेअरचे दुकान म्हणून सुरू झालेली ही कंपनी पुढे नॉर्थ डकोटातील फार्गो येथे स्थिरावली आणि आज ती तिच्या कर्मचाऱ्यांच्याच मालकीची आहे. प्रत्येक साखळीच्या फळ्यांवर तिचा प्रदेश दिसत असे. एकीकडे स्की आणि आइस हॉकीच्या काठ्या, तर दुसरीकडे अंगणात झिंगे उकडण्याची मोठाली भांडी. हे स्थानिक ज्ञान मौल्यवान होते, असे मला मनापासून वाटते. बदकांच्या शिकारीचा हंगाम कोणत्या आठवड्यात उघडतो, कोणत्या शाळेच्या संघाचा गणवेश कोणत्या रंगाचा आहे, जवळच्या तळ्यातला मासा कोणत्या आमिषाला तोंड लावतो, हे त्या दुकानांतल्या माणसांना विचारावे लागत नसे.

डिक्सची वाढ सुरू झाली ती दुसऱ्या पिढीत. १९८४ मध्ये एडवर्ड स्टॅक यांनी भावंडांसह वडिलांकडून व्यवसाय विकत घेतला तेव्हा बिंगहॅम्टन परिसरात अवघी दोन दुकाने होती. त्यानंतर सिरॅक्यूज, रॉचेस्टर, बफेलो, ऑल्बनी अशी न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातील शहरे एकामागून एक जोडली गेली. या क्रमामागे साधा हिशेब होता. त्या काळी जाहिरातीचे मुख्य साधन म्हणजे रविवारच्या वर्तमानपत्रासोबत येणारी रंगीत पुरवणी. ती छापून वाटायला लागणारा पैसा शहरात एक दुकान असले तरी तेवढाच आणि पाच असली तरी तेवढाच. म्हणून एका शहरात गेल्यावर तिथे शक्य तितकी दुकाने काढायची आणि मगच शेजारच्या शहराकडे वळायचे, ही रीत पडली. मालाच्या वाहतुकीचे गणितही हेच सांगत होते. १९९४ मध्ये कंपनीने मुख्यालय पिट्सबर्गला हलवले आणि पुढे त्याच शहराच्या आग्नेयेस स्मिथटन येथे मोठे वितरण केंद्र उभारले. तिथून ट्रक सहज पोहोचेल अशा टापूत, म्हणजे पेनसिल्व्हेनिया, ओहायो आणि न्यूयॉर्कमध्ये, दुकानांची दाटी झाली. वर उल्लेखिलेल्या तक्त्यातील आकड्यांचा पाया इथे घातला गेला.

१९९० च्या दशकाच्या मध्यात हा वेग अंगाशी आला. कर्ज काढून एकदम अनेक शहरांत शिरलेल्या कंपनीचा माल पडून राहिला, बँकांनी हात आखडता घेतला आणि १९९६ च्या सुमारास कंपनी बुडण्याच्या बेतात होती. नव्या कर्जदात्याने हात दिल्यावर ती सावरली. पुढची वाढ गोदामाच्या आधाराने, टप्प्याटप्प्याने करायची, हा धडा याच काळातला असावा, कारण नंतरचा नकाशा तसाच उलगडत गेला.

ऑक्टोबर २००२ मध्ये समभागांची प्राथमिक विक्री झाली आणि हाती आलेल्या भांडवलातून दुसऱ्याची दुकाने विकत घेण्याचा मार्ग खुला झाला. २००४ मध्ये डिक्सने इंडियाना राज्यातील प्लेनफील्ड येथील गॅल्यन्स ही साखळी सुमारे ३० कोटी ५० लाख डॉलरना घेतली. गॅल्यन्सची जवळपास पन्नास दुकाने वीसहून अधिक राज्यांत विखुरलेली, दुमजली आणि भव्य होती; काहींच्या मधोमध गिर्यारोहणाच्या सरावाची उंच भिंत असे. डिक्सला त्यातून मध्य-पश्चिमेत एका झटक्यात पाय रोवता आले. २००७ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील चिक्सची पंधरा दुकाने घेऊन कंपनी पॅसिफिक किनाऱ्याला पोहोचली. तरीही पश्चिमेत खरी वाढ अ‍ॅरिझोनातील गुडइयर येथे वितरण केंद्र सुरू झाल्यावरच झाली, आणि आग्नेयेकडील राज्यांसाठी हीच भूमिका अटलांटाजवळच्या ईस्ट पॉइंटच्या गोदामाने आधीच बजावली होती. दुकान विकत घेता येते, पण पिट्सबर्गहून लॉस एंजेलिसला बेसबॉलचे हातमोजे ट्रकने पाठवत राहून नफा कमावता येत नाही.

या इतिहासातील सर्वांत मोठी उलथापालथ २०१६ ची. स्पोर्ट्स ऑथॉरिटी ही त्या वेळची दुसऱ्या क्रमांकाची साखळी होती. १९८७ मध्ये फ्लोरिडात जन्मलेली ही कंपनी काही काळ केमार्ट या किरकोळ विक्रीच्या साखळीच्या मालकीची होती आणि २००३ मध्ये डेन्व्हरच्या गार्टशी तिचे विलीनीकरण झाले. त्यापूर्वीच गार्टने ह्यूस्टनची ऑशमन्स आपल्यात सामावून घेतली होती, त्यामुळे तीन प्रदेशांचा वारसा एका नावाखाली आला होता. २००६ मध्ये एका खासगी गुंतवणूक संस्थेने ही कंपनी सुमारे १ अब्ज ३० कोटी डॉलरना घेतली आणि अशा व्यवहारांत नेहमी होते तसे खरेदीसाठी काढलेले कर्ज कंपनीच्याच माथी बसले. दहा वर्षे व्याज भरण्यात गेली. दुकाने जुनाट होत गेली, संकेतस्थळ मागे पडले, आणि मार्च २०१६ मध्ये एक अब्ज डॉलरहून अधिक कर्जासह कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आधी काही दुकाने वाचवण्याचा विचार होता, अखेर साडेचारशेच्या आसपास सगळीच बंद झाली. लिलावात डिक्सने स्पोर्ट्स ऑथॉरिटीचे नाव दीड कोटी डॉलरना उचलले आणि शिवाय ३१ दुकानांचे भाडेकरारही घेतले. जवळच्याच काळात कॅलिफोर्नियाची स्पोर्ट शॅलेट, मिशिगनची एमसी स्पोर्ट्स आणि टेक्सासची गोल्फस्मिथ यांनीही मान टाकली. गोल्फस्मिथच्याही तीसहून अधिक जागा डिक्सकडे आल्या. २०२० च्या मार्चमध्ये मॉडेल्सचा क्रम लागला.

या पडझडीचे खापर नुसते ऑनलाइन खरेदीवर फोडणे मला पटत नाही. त्याच ऑनलाइन बाजाराशी स्पर्धा करत डिक्स टिकले, अकॅडमी टिकली, शील्स टिकली. अकॅडमीसुद्धा २०११ मध्ये खासगी गुंतवणूकदारांकडे गेली होती, पण तिची दुकाने टेक्सास आणि भोवतालच्या राज्यांत दाटीने वसलेली होती. ह्यूस्टनजवळच्या केटी येथील मुख्यालय आणि गोदामापासून ती फार दूर पसरली नव्हती. जॉर्जिया आणि टेनेसी येथे नवी गोदामे उभारतच ती पूर्वेकडे सरकली आणि २०२० मध्ये भांडवली बाजारात आली. डिक्सला टेक्सास अवघड गेले त्याचे मुख्य कारण हेच आहे. ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाला मुलाच्या सॉकरच्या बुटांसाठी अकॅडमी आठवते आणि न्यू जर्सीतल्या कुटुंबाला डिक्स. आवडीनिवडीपेक्षा या सत्तर-ऐंशी वर्षांच्या विभागणीचा तो परिणाम आहे.

प्रदेशांचा फरक दुकानाच्या आतही उतरतो, हे २०१८ नंतर ठळकपणे दिसले. फ्लोरिडातील पार्कलँडच्या शाळेत झालेल्या हत्याकांडानंतर डिक्सने लष्करी धाटणीच्या रायफलींची विक्री, जी डिक्स नावाच्या दुकानांतून २०१२ च्या सँडी हूक शाळेतील हत्याकांडानंतरच हटवली होती, आपल्या फील्ड अँड स्ट्रीम या दुसऱ्या साखळीतही कायमची थांबवली आणि २१ वर्षांखालील कोणालाही बंदूक न विकण्याचे ठरवले. त्यानंतर शिकारीच्या साहित्याचा अख्खा विभागच हटवायला सुरुवात झाली. ती जिथे हा विभाग मंदावला होता त्या दहा दुकानांपासून झाली. २०१९ मध्ये आणखी सव्वाशे दुकानांत हा बदल झाला आणि रिकाम्या जागेत त्या त्या भागाला रुचेल असा माल, उदाहरणार्थ बेसबॉलचे साहित्य किंवा स्थानिक संघांचे कपडे, मांडण्यात आला. मासेमारीच्या साहित्यापासून सुरू झालेल्या कंपनीसाठी रानाशी असलेले नाते असे कमी करणे सोपे नव्हते, आणि तो निर्णय धाडसाचा होता असेच म्हटले पाहिजे.

अलीकडच्या वर्षांत नकाशाची भर संख्येपेक्षा आकारावर आहे. २०२१ मध्ये रॉचेस्टरजवळच्या व्हिक्टर येथे कंपनीने हाउस ऑफ स्पोर्ट नावाचे पहिले मोठे दुकान उघडले. त्यात चढाईची भिंत आहे आणि बाहेर सरावाचे मैदान आहे, म्हणजे गॅल्यन्सची कल्पना सतरा वर्षांनी वेगळ्या नावाने परत आली. सप्टेंबर २०२५ मध्ये खेळाच्या बुटांची साखळी फूट लॉकर हिची खरेदी पूर्ण झाल्यावर डिक्सचा संबंध प्रथमच अमेरिकेबाहेरच्या मोठ्या दुकानजाळ्याशी आला. त्याचे एक टोक मुंबईपर्यंत पोहोचते, कारण फूट लॉकरची दुकाने भारतात चालवण्याचे हक्क २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या मेट्रो ब्रँड्सला देण्यात आले होते. अमेरिकेत मात्र जुने गणित चालूच आहे. एक वितरण केंद्र बिंगहॅम्टनच्या शेजारी, कॉन्क्लिन येथे उभे राहिले. पुढच्या केंद्रासाठी कंपनीने जागा निवडली ती टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे. त्याच महानगर परिसरात शील्सने २०२० मध्येच आपले तीन लाख चौरस फुटांहून मोठे दुकान उघडले आहे आणि अकॅडमीची दुकाने तर तिथे कितीतरी आधीपासून आहेत.