शिनोबी की निंजा? इगाच्या विनोदी चित्रपटामागचा इतिहास

२०१७ साली आलेल्या ‘शिनोबी नो कुनि’ (शिनोबींचा देश) या जपानी चित्रपटात इगा प्रांतातला सगळ्यात तरबेज गडी बायकोपुढे मात्र हतबल असतो. कबूल केलेली कमाई आणल्याशिवाय ती त्याला घरात पाऊल टाकू देत नाही. हसू येतं ते इथे. ज्या लढाईवर ही गोष्ट उभी आहे, ती १५७९ची लढाई मात्र खरीच झाली होती.

आधी नावाचा गुंता. ‘निंजा’ ज्या दोन चिन्हांनी लिहितात, तीच चिन्हं ‘शिनोबी नो मोनो’ अशीही वाचता येतात. पहिलं वाचन चिनी वळणाचं, दुसरं अस्सल जपानी. ‘शिनोबु’ म्हणजे लपणं आणि सोसणंही. त्या काळी या छुप्या हेरांना कुठे शिनोबी म्हणत, कुठे सुप्पा, कुठे राप्पा. कुठे नुसतं ‘कुसा’, म्हणजे गवत; गवतात दबा धरून बसणारा माणूस. ‘निंजा’ हे वाचन घराघरांत पोहोचलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, कादंबऱ्या, चित्रकथा आणि सिनेमांतून. आपल्या मुलांनी टीव्हीवर पाहिलेला हातोरीही १९६४च्या चित्रकथेतला. तो इगाचा, त्याचा प्रतिस्पर्धी केमुमाकी शेजारच्या कोगाचा. आपल्यापर्यंत हा शब्द असा तयार होऊनच आला. म्हणून चित्रपटाच्या शीर्षकात जुना शब्द ठेवला, हे मला फार मोलाचं वाटतं.

काळ्या पोशाखाचंही तसंच. तो रुळला रंगभूमीवरून आणि छापील चित्रांतून. १६८१च्या एका ग्रंथात वेषांतराचे सात प्रकार दिले आहेत. त्यात भिक्षू आहे, व्यापारी आहे, रस्त्यावर खेळ करणारा आहे. काळा बुरखा नाही.

डोंगरांनी वेढलेल्या इगात एकछत्री सरदार नव्हता. गावोगावचे लढवय्ये जमीनदार एकत्र बसून कारभार पाहत. त्यांचा अकरा कलमी करारनामा उपलब्ध आहे: परकी फौज शिरली की गावागावांत घंटा वाजवायची, १७ ते ५० वयाच्या पुरुषांनी छावणीत हजर व्हायचं. १५७९मध्ये बलाढ्य सरदार ओदा नोबुनागाचा दुसरा मुलगा बापाला न विचारता इगावर चालून गेला आणि सपाटून मार खाऊन परतला. बापानं त्याला पत्रातून खरमरीत झापलं. चित्रपटातल्या विनोदाला हा पराभव पुरेपूर मानवतो.

१५८१ला मात्र बापानंच मोहीम काढली. चाळीस हजारांच्या वर फौज अनेक वाटांनी आत शिरली, गावं आणि देवळं जळाली, कारभार संपला. उरलेले पांगले, दुसऱ्यांच्या चाकरीला लागले.

त्यांची विद्या सविस्तर कागदावर उतरली ती जवळपास शंभर वर्षांनी, १६७६मध्ये, लढायांचा काळ सरल्यावर. त्या ग्रंथात तीच दोन चिन्हं येतात आणि अभ्यासक ती ‘शिनोबी नो मोनो’ अशीच वाचतात.