गिझरखालचा थेंब कुठून आला?

नागपुरात गिझरला वर्षातले सात-आठ महिने सुट्टीच असते. मे महिन्यात तर गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच अंगावर घेववत नाही. दिवाळी आटोपून पहाटे गारवा जाणवू लागला की बटण दाबलं जातं आणि तक्रारी सुरू होतात: बादलीत तांबूस पाणी, गिझरखाली ओल. प्लंबर मान वर करून सांगतो, "टाकी सडली, नवीन घ्या." त्याचं खरंही असेल. पण आधी त्या थेंबाची चौकशी करावी.

हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊ लागते तो दवबिंदू; त्याहून गार वस्तूवरच ती पाणी होऊन बसते. अंघोळीनंतर न्हाणीघरात तापमान २५ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू साधारण २२ अंश येतो. जानेवारीतल्या पहाटे गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी याहून बरंच गार असतं, म्हणून गिझरकडे जाणाऱ्या गार पाण्याच्या पाइपवर थेंब धरतात. आरसा, टाइल्स आणि गिझरचं कव्हरही वाफेने ओलं होतं, पण ते सगळीकडे सारखं, आणि दार उघडं ठेवलं की थोड्या वेळात सुकतं. उलट एकाच जागेवरून, विशेषतः जिथे वायर आत जाते त्या खालच्या झाकणातून पाणी येत असेल, तर एलिमेंटचं (पाणी तापवणाऱ्या कांडीचं) गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारी रबरी चकती, गेलं असेल किंवा टाकीला भोक पडलं असेल. तिथे हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा.

तरी शंका राहिली तर थेंबालाच बोलतं करता येतं. दवाचं पाणी जवळजवळ डिस्टिल्ड वॉटर. सुकल्यावर मागे काही ठेवत नाही. नळाच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात, बोअरच्या पाण्यात तर भरपूरच. सगळं कोरडं पुसून रात्रभर खाली एक गडद रंगाची ताटली ठेवा आणि जमलेलं पाणी तसंच सुकू द्या. पांढरं कडं उमटलं तर पाणी आतलं. तांबूस डाग पडला तर ते वाटेत गंजावरून आलेलं आहे.

तिसरा संशयित सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे दाब वाढला की पाणी बाहेर सोडणारी झडप, आणि तो बहुतेकदा निर्दोष सुटतो. १५ अंशांचं २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापलं की जवळजवळ ४०० मिलिलिटरने फुगतं. मागे जायला वाट नसेल तर ते या व्हॉल्व्हमधून टपकणारच. पाणी तापत असतानाच टपकत असेल तर काळजी नाही. दिवसभर टपकत असेल तर व्हॉल्व्ह बदला. पण कटकट नको म्हणून त्याचं तोंड बंद करण्याचा शहाणपणा कुणी करू नये. दाब वाढून टाकी फुटू शकते.

आता गंज. गार आणि गरम अशा दोन्ही नळांना तांबूस पाणी येत असेल तर दोष जुन्या लोखंडी पाइपचा किंवा गच्चीवरच्या टाकीचा. बोअरचं पाणी नळातून स्वच्छ येऊन बादलीत तासाभराने पिवळं पडत असेल, तर त्यात विरघळलेलं लोह हवेतल्या ऑक्सिजनमुळे गंजाच्या रूपात बाहेर पडतंय. गिझर बिचारा नाहक बदनाम. फक्त गरम नळाला, तेही बराच वेळ, तांबूस पाणी आलं तरच टाकीवर बोट ठेवा.

बऱ्याच गिझरची टाकी पोलादी असते आणि आतून काचेसारखा थर असतो. त्या थरातल्या बारीक छिद्रांमधून पोलाद गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमचा रॉड बसवलेला असतो. लोखंडाआधी मॅग्नेशियम झिजतं, एवढाच हिशोब. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८२४ साली ब्रिटिश जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला लोखंड नि जस्ताचे तुकडे जोडून हीच युक्ती दाखवली होती. खाऱ्या पाण्यात रॉड लवकर संपतो, आणि संपल्यावर पाळी टाकीची. दोनेक वर्षांनी तो काढून बघायला सांगा. विकताना याचा उल्लेखही फारसं कुणी करत नाही. टाकी गळत नसेल तर रॉड बदलून तिचं आयुष्य वाढतं.

गॅस गिझरची गोष्ट वेगळी. एक किलो एलपीजी जळताना दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. सुरुवातीला थंड कॉइलवर ती जमून दोन-चार थेंब बर्नरवर पडतात आणि तिथला पत्रा गंजवतात. पण असा गिझर न्हाणीघराच्या आतच असेल आणि अंघोळ सुरू होण्याआधीच भिंती निथळत असतील, तर जळलेल्या गॅसचा धूर खोलीतच कोंडतोय, आणि त्यात बिनवासाचा कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. तो गिझर आजच बंद करा आणि न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या.